केव्ह डायव्हिंगचे लाईट : सर्व्हिसिंग कसं करावं आणि दर काय लावावा?

वागळेवाला

नमस्कार मंडळी. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचं सील आणि पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. एका डायव्हिंग ग्रुपकडून पाण्याखालच्या लाईटचं काम आलंय. ६ कॅनिस्टर लाईट (४ लिथियम-एलईडी, २ जुने एचआयडी, म्हणजे गॅसच्या बल्बचे) आणि १४ बॅकअप टॉर्च. डिसेंबरात त्यांना मेक्सिकोत तुलूमजवळच्या सेनोतेंमध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या गुहांमध्ये उतरायचंय.

प्रश्न तीन :
१. कोणत्या क्रमाने काय तपासायचं?
२. नगामागे दर किती लावायचा? इथे कुणी हे काम करत असल्याचं दिसत नाही, त्यामुळे बाजारभाव असा नाहीच.
३. त्यातला एक एलईडी कॅनिस्टर त्यांना ४५,००० ला विकायचाय. भाव बरोबर आहे का?

सील मला कळतात. लाईट आणि बॅटरीतलं सांगा.

खड्डेबहाद्दर

मेक्सिको कशाला? जुलैत घोडबंदर रोडला या म्हणावं. खोली आहे, गढूळपणा आहे, बाहेर पडायचा रस्ता सापडत नाही. व्हिसा लागत नाही.

नेरूळची_मासोळी

हसून हसून पुरेवाट! जागा धरून ठेवते, जाणकारांनी लिहा.

तळठाव

@वागळेवाला, आधी एक गोष्ट ग्राहकाकडून वदवून घ्या : कुठला लाईट प्रायमरी आणि कुठला बॅकअप. साध्या स्कूबात लाईट गेला तर माणूस वर येतो. गुहेत डोक्यावर दगड असतो. म्हणून नियम असा की प्रत्येकाकडे किमान तीन लाईट, एक प्रायमरी आणि दोन बॅकअप, आणि तिन्हींपैकी प्रत्येकाने ठरलेला अख्खा डाइव्ह एकट्याने काढला पाहिजे. तीन लाईटांतला एक जरी गेला तरी डाइव्ह तिथेच संपतो, सगळे मागे फिरतात.

यातून तुमच्या कामाचा क्रम आपोआप ठरतो. बॅकअप स्वस्त आहे म्हणून उरकायचा नाही. उलट तोच जास्त नीट बघायचा, कारण तो वर्षभर खांद्याच्या पट्ट्यावर लटकत असतो आणि कुणी पेटवून बघत नाही.

प्रायमरीची रचना : बॅटरीचा डबा म्हणजे कॅनिस्टर कमरेच्या पट्ट्यावर, तिथून केबल, आणि टोकाला हाताच्या पंज्यावर बसणारं गुडमन हँडल, त्यावर लाईटचं डोकं. बीम अरुंद लागतो, साधारण ६ ते ८ अंश. त्याने नुसतं बघायचं नसतं, बोलायचंही असतं. भिंतीवर सावकाश गोल फिरवला की 'ठीक आहे', सावकाश आडवा हलवला की 'इकडे बघ', जोरजोरात आडवा हलवला की 'आणीबाणी'. रुंद पसरणारा व्हिडिओ लाईट कितीही प्रखर असला तरी या कामाला निरुपयोगी.

ओरिंगबाई

सील तुम्हाला कळतात म्हणालात, तरी डायव्हिंग लाईटच्या दोन-तीन खोडी सांगते.

सीलची रबरी रिंग (ओ-रिंग) सुईने, पिनेने काढू नका. खाचेच्या कडेला ओरखडा पडला की नवी रिंगही गळते. दोन बोटांनी रिंग एका बाजूला दाबत आणा, फुगवटा वर आला की जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने उचला. खाच पुसायला कापूस नको, तंतू मागे राहतात. एक केस सीलवर आडवा पडला तर तेवढ्यातून पाणी आत येतं.

ग्रीस किती? रिंग नुसती चमकली पाहिजे. पांढरा थर दिसला तर जास्त झालं. पाणी अडवते ती दाबली गेलेली रिंग. ग्रीस फक्त ती पिळू नये म्हणून. जादा ग्रीस वाळू आणि केस गोळा करतं.

जुनी रिंग व्हर्नियरने मोजा. २.६२ मिमीची रिंग चपटी होऊन २.४ वर आली असेल तर ती दिसायला कितीही छान असो, फेका. खाच २.१ मिमी खोल धरली तर नव्या रिंगला जवळपास २० टक्के दाब मिळतो, या चपटीला साडेबाराच.

आणि गळती बहुतेक वेळा उथळ पाण्यातच सुरू होते. खोलीवर पाण्याचा दाबच रिंगला खाचेत घट्ट बसवतो, पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये ती मदत नसते. म्हणून बादलीतली चाचणी हसण्यावारी नेऊ नका.

साधा_माणूस

ग्रीसला एवढं काय? व्हॅसलीन लावायचं की. स्वस्त आणि मस्त.

ओरिंगबाई

@साधा_माणूस, नायट्राइल रबरच्या रिंगला फारसं बिघडत नाही. पण रिंग ईपीडीएम रबरची असली तर पेट्रोलियमने फुगते आणि मऊ पडते. सिलिकॉन रबरची असली तर सिलिकॉन ग्रीसनेही फुगते. काळी रिंग बघून नायट्राइल की ईपीडीएम हे डोळ्यांनी कळत नाही. सरळ सगळ्या रिंग ७० शोअर कडकपणाच्या नायट्राइलने बदलायच्या आणि सिलिकॉन ग्रीस लावायचं, म्हणजे प्रश्नच मिटला. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला माप सांगितलं की मूठभर मिळतात.

रबाळे_फिटर

बादली ठीक, पण ४० मीटरवरच्या लाईटला बादली पुरत नाही. केबलची ग्लँड (केबल आत शिरते तिथलं सील) आणि काच खोलीवरच दगा देतात. त्यासाठी प्रेशर पॉट, म्हणजे पाण्याने दाब द्यायचं भांडं हवं. ६ इंची स्टेनलेस पाइप, खाली जाड प्लेट, वर बोल्टने आवळायचं झाकण म्हणजे फ्लँज, बाजूला गेज आणि प्लंबर लोक पाइपलाइन टेस्टिंगला वापरतात तो हातपंप. रबाळे-महापेत कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. वेल्डिंग मात्र प्रेशरचं काम करणाऱ्याकडूनच घ्या.

रीत : बॅटरी काढा. आत टिश्यूचा घट्ट बोळा ठेवा. झाकण लावून लाईट बाहेरून कोरडा करा आणि सोनाराच्या काट्यावर वजन घ्या, ०.१ ग्रॅमपर्यंत. पॉट पाण्याने काठोकाठ भरा, हवा पूर्ण बाहेर काढा. १० मीटरला १ बार. ४० मीटरचा डाइव्ह असेल तर सव्वापट म्हणजे ५ बार, पण लाईटवर छापलेल्या मर्यादेच्या वर कधीच नाही. अर्धा तास धरा, सोडा, पुन्हा चढवा, असं तीनदा. बाहेर काढून कोरडा करून परत वजन. टिश्यू कोरडा दिसला आणि वजन ०.३ ग्रॅमने वाढलेलं असलं तर पाणी केबलच्या आवरणात शिरलंय. ते टिश्यूला कळत नाही, काट्याला कळतं.

साधा_माणूस

कॉम्प्रेसर आहेच की त्यांच्याकडे. हवेनेच ५ बार द्यायचे, पाण्याचा पसारा कशाला?

रबाळे_फिटर

@साधा_माणूस, नको रे बाबा! पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे फ्लँज गेला तर फुस्स होऊन थांबतं. हवा स्प्रिंगसारखी दबून बसते, फ्लँज गेला तर झाकण छपरातून बाहेर. पॉटवर हवेची चाचणी करायची नाही. आणि पाण्याने करतानाही गॉगल घाला, आतली काच फुटली की चांगला दणका बसतो.

लॅमिंग्टन

बॅटरीचं मी घेतो.

कॅनिस्टरमध्ये बहुधा १८६५० मापाच्या लिथियम सेलचा ४ सिरीज २ पॅरलल पॅक असतो, म्हणजे दोन-दोन सेलच्या चार जोड्या एकापुढे एक, ८ सेल. पूर्ण चार्ज १६.८ व्होल्ट, म्हणजे सेलमागे ४.२. पॅक उघडून चारही जोड्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. चार्जनंतर एखादी जोडी ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त मागे असेल तर ती संशयित. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, आणखी खाली गेली असेल तर पॅक मोडीत. एकच जोडी बदलायचा मोह आवरा, नव्या-जुन्या सेलचं लग्न टिकत नाही.

मग डिस्चार्ज टेस्ट. लाईटचं डोकं पाण्याच्या टबात बुडवा. हवेत पूर्ण प्रकाशावर चालवलं तर एलईडी तापतो, कारण त्याची थंड व्हायची सोय पाणीच आहे. टबाच्या काचेबाहेर प्रकाश मोजणारा लक्स मीटर घट्ट बसवा, दर दहा मिनिटांनी आकडा लिहा. सुरुवातीच्या निम्म्यावर आला की घड्याळ थांबवा. तोच खरा बर्न टाइम, खोक्यावर छापलेला नव्हे. डाइव्हच्या दीडपट मिळाला तर पास.

रेग्युलेटेड ड्रायव्हर, म्हणजे बॅटरी उतरली तरी करंट स्थिर ठेवणारं सर्किट असेल तर प्रकाश शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. साध्या बॅकअपमध्ये तीन अल्कलाइन सेल असले तर प्रकाश हळूहळू विझत जातो. गुहेत हे हळूहळू विझणं फायद्याचं, आधी सूचना मिळते. त्यामुळे 'जुना मंद बॅकअप' दिसला की लगेच लिथियमवर नेऊ नका, ग्राहकाला विचारा.

ऐरोलीकर

पॅक नव्याने भरणार असाल तर विमानाचा हिशेब आधी करा. १०० वॉट-तासापर्यंतची सुटी लिथियम बॅटरी केबिन बॅगेत विनापरवानगी चालते. १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, आणि तशा सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच.

३४०० एमएएचचे सेल (पॅकचे सरासरी व्होल्ट १४.४, दोन सेल पॅरलल म्हणून ६.८ एएच) : १४.४ × ६.८ = ९७.९ वॉट-तास. निवांत.
३५०० एमएएचचे सेल : १४.४ × ७ = १००.८. गेलं!

शंभर एमएएचच्या हौसेपायी ग्राहक काउंटरवर वाद घालत उभा. ३४०० च घाला आणि पॅकवर व्होल्ट, एएच, वॉट-तास स्पष्ट छापा. शिवाय पाण्याखालचा लाईट 'उष्णता निर्माण करणारी वस्तू' म्हणून धरला जाऊ शकतो, तेव्हा एअरलाइनला आधी विचारून घ्या, आणि बॅटरी व डोकं वेगळं करून न्या. केबल सोडवता येत नसेल तर आत सहज काढता येईल असा फ्यूज किंवा कनेक्टर द्या.

लॅमिंग्टन

@ऐरोलीकर, एकच नंबर. हा १००.८ चा मुद्दा पॅक बनवणारेही विसरतात.

नेरूळची_मासोळी

बाळबोध प्रश्न. ऑनलाइन १०,००० ल्युमेनची 'डायव्हिंग टॉर्च' अडीच हजारात मिळते. मग कॅनिस्टरला ४५,००० कशाचे?

लॅमिंग्टन

@मासोळी, गणित करू. चांगला एलईडी ढोबळ मानाने वॉटला १०० ल्युमेन देतो. १०,००० ल्युमेनला १०० वॉट लागतील. आत एक १८६५० सेल, चांगला असला तर १२ वॉट-तास. म्हणजे सात मिनिटं, तीही कागदावर. उलट ९८ वॉट-तासाचा कॅनिस्टर १० वॉटचं डोकं ड्रायव्हरची गळती धरूनही आठेक तास चालवतो.

सेलही बघून घ्या. १८६५० वर '९९०० एमएएच' छापलेलं असेल तर ते छापणाऱ्याचं धाडस. खरे सेल त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाहीत. काट्यावर ठेवा : अस्सल सेल ४५ ते ४८ ग्रॅम, तिशीत भरला तर आत काय आहे ते विचारू नका.

डेक्कन_ट्रॅप

अवांतर : आपल्याकडे असल्या गुहा का नाहीत? ठाणे-नवी मुंबईच्या खाली बेसॉल्ट आहे, लाव्हाचा दगड. चुनखडीसारखा तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून लांबच लांब बुडीत बोगदे तयार होत नाहीत. कान्हेरी, घारापुरी या कोरलेल्या. चुनखडीच्या लांब गुहा बघायच्या तर मेघालय.

अति-अवांतर : २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत फुटबॉलची मुलं अडकली, तेव्हा पाणी उपसायच्या कामात मदतीला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते. पंपवाल्या वागळेवाल्यांना हे आवडेल.

तळठाव

चर्चा भरकटण्याआधी : सेनोते म्हणजे गोडं पाणी असं समजून मिठाचा विचार सोडू नका. किनाऱ्याजवळच्या सेनोतेंमध्ये वर गोडं पाणी आणि खाली समुद्राचं खारं पाणी असे थर असतात. लाईट दोन्हींतून जातो. ग्राहकाला सांगा, रोज संध्याकाळी लाईट बंद अवस्थेत कोमट गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवायचा, आणि स्विचची कडी पाण्यातच पुढे-मागे फिरवायची. लोहचुंबकी कडीखाली काळी रेती जाऊन बसते.

ओरिंगबाई

आणि धुकं! इथल्या दमट हवेत डबा बंद केला की ती वाफ आत कोंडते. २४-२५ अंशांच्या पाण्यात गेल्यावर काचेवर आतून धुकं धरतं आणि ग्राहक 'लीक झाला' म्हणून फोन करतो. शेवटचं झाकण एसी खोलीत, तासभर एसी चालल्यावर लावा, आत सिलिका जेलची पुडी टाका. पुडी रिंगच्या खाचेत चेपली जाणार नाही हे बघा.

ओळख सोपी आहे. धुकं काचेच्या मध्यावर एकसारखं असतं आणि लाईट तापला की जातं. गळतीचं पाणी कडेला थेंबाने जमतं आणि वाळल्यावर पांढरा डाग सोडतं.

रबाळे_फिटर

पाणी शिरलेला लाईट टेबलावर आला तर झाकण स्वतःच्या तोंडाकडे धरून उघडू नका. पाणी आणि सेल एकत्र आले की हायड्रोजन तयार होतो, आत दाब साठतो. झाकण उडालं तर दात जातील, ठिणगी पडली तर त्याहून जास्त. मोकळ्या हवेत, दुसरीकडे तोंड करून, आटा आटा सोडवत उघडा. खाऱ्या पाण्यात भिजलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करायचा नाही, वाळूच्या बादलीत बाहेर ठेवायचा आणि नंतर बॅटरी कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यायचा. सर्किट डिस्टिल्ड वॉटरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. तांदळात पुरणं वगैरे व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवा.

अल्कलाइन सेलने ओकारी काढली असेल तर ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडची. व्हिनेगरने फुसफुस थांबेपर्यंत पुसा, मग पाण्याने. पॉलिकार्बोनेटच्या लेन्सजवळ अ‍ॅसिटोन आणू नका, जाळीसारख्या भेगा पडतात.

हिशेबनीस

सगळं छान, पण दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. दर.

आकडे उदाहरणादाखल, तुमचं भाडं-पगार घालून बदला. कारागिराचा तास सगळा खर्च धरून ४५० मानू.

बॅकअप : खोलणं, साफसफाई, रिंग बदलणं ४० मिनिटं, म्हणजे ३००. रिंग-ग्रीस ६०. पॉटमध्ये चार एकदम बसतात, पाऊण तास माणूस अडकतो, नगामागे साधारण ८५. डिस्चार्ज टेस्टची जागा ५०. झाले ४९५. परत आलेलं काम म्हणून १५ टक्के, ५७० च्या घरात. ७०० लावा.

कॅनिस्टर : २ तास ९००, रिंग वगैरे २५०, पॉटमध्ये एकच बसतो म्हणून ३४०, डिस्चार्ज १००. १,५९० + १५ टक्के = १,८३०. २,२०० लावा.

पॅक नव्याने भरणं : ८ सेल × ५५० = ४,४००, बीएमएस (सेलचं संरक्षण करणारं सर्किट) ६००, निकेल पट्टी-फिश पेपर-श्रिंक ३००, अडीच तास १,१२५. एकूण ६,४२५, त्यावर १० टक्के, ७,०७० च्या घरात. ८,५०० लावा. जीएसटी नोंदणी असेल तर सेवेवर १८ टक्के वरून.

साधा_माणूस

बॅकअपला ७००? टॉर्च धुवायचे? ३०० च्या वर कोण देईल!

हिशेबनीस

@साधा_माणूस, ३०० मध्ये पॉट टेस्ट बसत नाही, डिस्चार्ज टेस्टही नाही. मग उरतं ते धुणंच. तेवढंच हवं असेल तर बिलावर 'फक्त साफसफाई, दाब चाचणी नाही' असं लिहून ३०० घ्या.

तळठाव

अनुमोदन. उलटही लिहा : किती बारला, किती वेळ, कुठल्या तारखेला, बर्न टाइम किती मिनिटं. '४० मीटरची गॅरंटी' असं कधीही लिहू नका. चाचणी झाली ते खरं, पुढे झाकण कोण कसं लावेल ते तुमच्या हातात नाही. मला तर वाटतं, पॅक भरायचं काम पहिल्या वर्षी घेऊच नये. स्पॉट वेल्डिंगचा हात बसलेल्याकडे द्या.

लॅमिंग्टन

@तळठाव, इथे असहमत. पॅक दुसरीकडे गेला की ग्लँड आणि केबलची जबाबदारी कुणाची यावर भांडणं होतात. पॅक बाहेरून बनवून घ्या, पण बसवणं आणि टेस्ट यांच्याकडेच हवी.

हिशेबनीस

तिसरा प्रश्न, ४५,००० चा. डबा, केबल, डोकं आणि पॅक वेगवेगळे मोजा. डिस्चार्ज टेस्टमध्ये ९८ च्या जागी ७१ वॉट-तास मिळाले तर पॅक ७२ टक्क्यांवर आहे. ८० च्या खाली पॅकची किंमत शून्य, ४५,००० मधून ८,५०० वजा. केबल डोक्यात शिरते तिथे ती हलवून बघा, लाईट लुकलुकला तर केबल आणि ग्लँडचा खर्च वजा. डेलरीन प्लास्टिकचा डबा सहसा टिकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यात पांढरी पूड दिसली तर आणखी खाली या. ल्युमेनच्या आकड्याला एक रुपयाही जास्त देऊ नका.

वागळेवाला

दंडवत मंडळी. दोन गोष्टी कळवतो. विकाऊ कॅनिस्टरचा पॅक ६६ वॉट-तासांवर आला. मालकाला कागद दाखवला, तो ३६,००० ला तयार आहे. दर ७०० आणि २,२०० ठरवला, ३०० चा पर्याय ठेवला होता, चौदापैकी एकानेही घेतला नाही.

दोन एचआयडींचं काय करू? बल्ब शाबूत आहेत.

लॅमिंग्टन

एचआयडी बंद केला की गरम असताना लगेच परत पेटत नाही, आणि बल्ब नाजूक. प्रायमरी म्हणून नको. डबा आणि केबल चांगली असेल तर एलईडी डोकं बसवता येतं. आधी पॅकचे व्होल्ट आणि नव्या ड्रायव्हरची मर्यादा जुळवा. बल्ब आणि तो पेटवणारं सर्किट (बॅलास्ट) यांची किंमत धरू नका.

वागळेवाला

आणि एका एचआयडीच्या झाकणाची रिंग गायब आहे. माप कुठेच लिहिलेलं नाही. खाचेची रुंदी ३.६ मिमी भरते.

ओरिंगबाई

२.६२ ची. रुंदी साधारण २.४ असती तर १.७८ ची, ४.८ असती तर ३.५३ ची. आतला व्यास खाचेच्या तळाचा घ्या आणि त्याहून दोन-तीन टक्के लहान रिंग मागा. दुकानदार २.५ ची मेट्रिक रिंग 'तीच आहे, चालते' म्हणून देईल. व्हर्नियर खिशात घेऊन जा.

साधा_माणूस

मी पण येतो नागदेवीला. येताना वडापाव माझ्याकडून, ७०० मध्ये धरू नका.